हा कुणाचा?

चैत्रातल्या एका सकाळी बजरंगची बायको सिंधु दारात आली, तेव्हा आप्पासाहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. सत्तावीस वर्षांत त्या घरचं कुणी हा उंबरा चढलं नव्हतं.

"भाऊजी, आज बोकड कापून राहिलेत म्हणं. वाट्यात आमचं बी नाव घाला," ती म्हणाली. "कालच आलोत लातूरहून. पोराकडं करमंना ह्यांना. आन् ह्यांनी सांगितलंय, वाट्याची नावं आप्पानंच घ्यायची. न्हाईतर मला वाटा नको."

"आन् 'हा कुणाचा?' म्हणून इचारणार कोण?"

"हेच." सिंधुनं पदर नीट केला. "डॉक्टरनं हात टेकलेत, भाऊजी. खाणं जात न्हाई. नुसतं म्हणून राहिलेत, वाळलेल्या मटणाचा रस्सा पाहिजे."

ती गेली आणि आप्पासाहेब बाजेवर बसून राहिले. बजरंगला अबोला सोडायचा होता, की चारचौघांत जुनं उकरून शेवटची एकदा अब्रू काढायची होती? काहीच कळेना. जावं तर भीती, न जावं तर तो माणूस न बोलताच जायचा.

आता ते जुनं काय, ते सांगायला हवं. फाल्गुनात ज्वारी निघाली की रानडुकरांना लपायला जागा उरायची नाही. मग वीस-पंचवीस गडी कुत्री घेऊन रानात निघत. कायदा तेव्हाही होता, पण तो हदगावच्या बसस्टँडवर उतरून तिथंच चहा पीत बसला असावा. गावापर्यंत काही पोचला नव्हता. ओढ्याच्या तोंडाला वाघूर, म्हणजे जाड दोरीचं जाळं लावायचं आणि आरडाओरडा करत डुक्कर त्यात घालायचं. वाघूर धरायचे आप्पासाहेब आणि बजरंग. तो मान ते दुसऱ्या कुणाला देत नसत. मिजास होती दोघांना, आणि का नसावी?

आणलेल्या शिकारीचे पळसाच्या पानांवर सारखे वाटे पडत. काळीज मात्र कापायचं नाही. ते ज्याच्या नशिबी त्याच्याकडे अख्खं जाई. कुणी कुरकूर करू नये म्हणून आप्पासाहेब वाट्यांकडे पाठ करून बसत. बजरंग एका वाट्यावर हात ठेवून ओरडे, "हा कुणाचा?" आप्पासाहेब न बघता नाव घेत. ज्याचं नाव, त्याचा वाटा. देवाच्या कौलाइतकाच तो खरा मानला जाई.

मग घरोघरी मटणाच्या पट्ट्या कापायच्या, मीठ, हळद, तिखट चोळायचं, दोरीत ओवून उन्हात बांधायच्या. दोघं मित्र काठ्या घेऊन कावळे हाकलत दिवसभर गप्पा हाणत बसायचे. कडक वाळल्या की गाडग्यात भरून तोंड बांधायचं. आखाडात झड लागली, आठवडी बाजार बुडाला, की ते गाडगं उघडायचं. पट्ट्या निखाऱ्यावर भाजायच्या, पाट्यावर ठेचायच्या आणि येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ घालून रस्सा करायचा. काय वास सुटायचा! भाकरी कमी पडायच्या. ते दिवस आठवले की आप्पासाहेबांना अजून भूक लागे, आणि मग समोरचं ताट ते बाजूला सारत.

कारण एका वर्षी सिंधु बाळंतपणातून उठलेली, अंगात रक्त नाही, आणि काळजानं रक्त भरतं म्हणतात. आप्पासाहेबांनी प्यायला म्हणून पितळेचा लोटा समोर ठेवला. चिंचेनं घासलेला, लखलखीत. त्याच्या पोटात आरशासारखे पाठीमागचे सगळे वाटे दिसत होते. बजरंगचा हात काळजाच्या वाट्यावर पडला तसं आप्पासाहेबांनी नाव घेतलं, "बजरंगचा." आणि मागं वळून बघितलं तर बजरंगची नजर लोट्यावर.

"चोरा!" बजरंग गरजला. "विचारणारा मी, सांगणारा तू, आन् काळीज माझ्या घरी? गाव काय म्हणंल? भीक घालतूस व्हय मला?" त्यानं सगळा वाटा कुत्र्यांपुढे फेकला. पुढं शिकारही बंद झाली, त्याच्या पोराला लातूरला मास्तरकी लागली, आणि बोलणं राहिलं ते राहिलंच.

आप्पासाहेब शेवटी वाट्याच्या जागी गेले. चिंचेखाली बोकडाचे अकरा वाटे पडले होते. बजरंग खुर्चीवर होता. सदऱ्यात माणूस शोधावा लागावा इतका वाळलेला. आप्पासाहेब त्याच्याकडे न बघता पाठ करून खाली बसले.

मागून पावलं घासत आली. एक हाडकुळा हात पुढं आला आणि त्यांच्या समोर पितळेचा लोटा ठेवून गेला. घासलेला, लखलखीत.

"तहान लागंल तुला," बजरंग म्हणाला.

आप्पासाहेबांनी लोट्यात बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाणी. तांबूस डागापलीकडे काही म्हणता काही दिसेना.

"हा कुणाचा?"

आवाज चिरका झाला होता, पण हेल तोच. आप्पासाहेबांच्या तोंडून विचार करायच्या आत निघालं, "बजरंगचा."

आप्पासाहेबांनी मान वळवली. बजरंगचा हात काळजावर होता.

"आरं, मला दिसत न्हाई रं आता," ते कळवळून म्हणाले. "देवाशपथ न्हाई बघितलं."

"ठावं हाय," बजरंग म्हणाला. "म्हणूनच पहिला हात काळजावर ठेवला. म्हटलं, एकदा तरी सोताचं नाव घेशील. आयुष्यभर माझंच घेऊन राहिला का रं तू?"

दोघं म्हातारे चारचौघांत लहान पोरांसारखे रडले.

काळीज सिंधुनं तिथंच निखाऱ्यावर भाजलं. बजरंगनं दोन घास खाल्ले, बाकी आप्पासाहेबांना भरवलं. दोन्ही घरच्या पट्ट्या आप्पासाहेबांच्या सुनेनं, आरतीनं, एकाच दोरीत ओवून अंगणात बांधल्या. दोघं काठ्या घेऊन खाली बसले. कावळे वर येऊन बसलेच होते.

"काका, तुमच्या पट्ट्या येगळ्या काढून देऊ का वाळल्यावर?" आरतीनं विचारलं.

"नको. हितंच ऱ्हाऊ दे गाडग्यात," बजरंग म्हणाला. "आखाडात येतो की खायाला."

"ये," आप्पासाहेब म्हणाले, आणि कावळ्यावर काठी उगारली.