पाळीपाळीने व्हिएन्ना

बावीस वर्षांपूर्वी हंगेरीतल्या माको गावच्या नगरभवनात विवाहाच्या वहीवर सही करून बाहेर पडताना कालमान बोद्रोगीने आपल्या नववधूला एक वचन दिले होते. ज्या दिवशी सीमा उघडेल, त्या दिवशी तो तिला व्हिएन्नात कॉफी प्यायला नेणार होता. कालमान जमीन-नोंदणी कचेरीतला माणूस. वचन तोंडाबाहेर काढण्यापूर्वी त्याने त्यातली अट नीट पारखून घेतली होती. सीमेवर काटेरी तारा होत्या, तारांमागे बंदुका होत्या आणि बंदुकांमागे असे एक सरकार होते, जे कॉफीच्या घोटासाठी हंगेरीतल्या कोणालाही पलीकडे सोडणार नव्हते. इतके निर्धास्त वचन देण्याची संधी नवऱ्यांना आयुष्यात क्वचितच मिळते.

परंतु सरकारांचा भरवसा धरावा तरी किती? बावीस वर्षे खंबीरपणे कालमानच्या पाठीशी उभे राहिलेले ते सरकार अचानक ढिले पडले. सगळ्या जगात चालणारे पासपोर्ट हाती येऊ लागले, आणि एकोणनव्वद सालच्या वसंतात त्याच्या बायकोने, एतेल्काने, वचनाचा विषय काढला. ती टपाल कचेरीच्या खिडकीशी बसे. गेले सहा महिने ती रेडिओवरून जर्मन शिकत होती, आणि या एका दिवसासाठी तिने निळ्या कापडाचा सूट स्वतः शिवला होता. संगमरवरी टेबल, चांदीच्या तबकात कॉफी, समोर नवरा, आणि एक तासभर कसलीही घाई नाही, एवढेच तिचे मागणे होते.

कालमानने तत्काळ होकार दिला. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तत्काळ दिलेला हा पहिलाच होकार असल्यामुळे एतेल्काला खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. शेजारच्या हालासने गेल्या नोव्हेंबरात व्हिएन्नाहून फ्रीजर आणला होता. येईल त्या पाहुण्यासमोर झाकण उघडून तो आत गोठलेले डुक्कर असे दाखवी, जसे कोणी पाळण्यातले नातवंड दाखवावे. त्या झाकणाने कालमानची झोप उडवली होती.

शनिवारी पहाटेच्या आधी त्यांची छोटी त्राबांट मोटार निघाली ती सकाळी व्हिएन्नाला पोहोचली.

"आधी फ्रीजर," कालमान म्हणाला. "शनिवारी दुकानं बाराला बंद होतात. कॉफीगृह काय, दिवसभर उघडंच."

युक्तिवाद बिनतोड होता. त्याचे सगळेच युक्तिवाद बिनतोड असत, आणि त्याच्याशी संसार करण्यातली खरी अडचण तीच होती. मारियाहिल्फर रस्त्यावर अर्धी हंगेरी लोटली होती. दुकानांच्या दारांवर 'येथे हंगेरियन बोलतात' अशा पाट्या होत्या आणि आत खरोखरच दुसरे काही कानावर पडत नव्हते. रांगेत दोन तास उभे राहून सहा महिन्यांच्या जर्मनमधला एक शब्दही खर्च न करता एतेल्का फ्रीजरची सहमालकीण झाली. मग चौघांनी मिळून ती पांढरी पेटी त्राबांटच्या टपावर चढवली. गाडी खाली बसली. कालमानने दोर आवळले, गाठी मारल्या, त्या तपासल्या, सोडल्या आणि पुन्हा मारल्या.

"चल आता," एतेल्का म्हणाली. "कॉफी."

कालमानने टपाकडे पाहिले. "आणि हा?"

"तो काय पळून जाणार आहे?"

"तो नाही पळणार, एतुश," तिला लाडाच्या नावाने हाक मारत कालमान म्हणाला. "लोक पळवतील. परक्या शहरात नवा कोरा फ्रीजर रस्त्यात उघडा टाकून कोणी शहाणा माणूस कॉफी पीत बसेल का?"

तरीही न्यायाला सोडून वागायचे नाही म्हणून त्याने कोपऱ्यापलीकडचे कॉफीगृह जातीने पाहून घेतले. खिडकीजवळच्या प्रत्येक टेबलापाशी वाकून त्याने नजर लावली. बसलेल्या लोकांनी वर्तमानपत्रे खाली करून त्याच्याकडे पाहिले. गाडी एकाही टेबलावरून दिसत नव्हती. तो परत आला तो जड चेहऱ्याने, परंतु लगेच त्याने गाडीतून थर्मास काढला. गाडीच्या बॉनेटवर त्याने दोन प्लास्टिकचे पेले मांडले.

"हे काय?" एतेल्काने विचारले.

"कॉफी. आपण व्हिएन्नात आहोत की नाही? मग झालं तर. वचन पुरं."

"ही काल रात्री मी माकोत केलेली कॉफी आहे, कालमान."

"कॉफी कुठं केलेली असावी, असं वचनात काही नव्हतं. आठवून बघ."

एतेल्काने आठवून पाहिले. खरोखरच नव्हते. त्यांच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या एका जुनाट हिरव्या मोटारीच्या टपावर अगदी असाच फ्रीजर होता, आणि त्याच्या पहाऱ्यावर उभा असलेला सोल्नोक गावचा केरेकेश नावाचा जाड माणूस हा खटला मन लावून ऐकत होता.

"घ्या हो बाई," तो म्हणाला. "थंड होईल. माझी बायको कॅथेड्रल बघायला गेलीय. घरी गेल्यावर ती सांगेल, मी ऐकेन. झालं माझं व्हिएन्ना."

"मग एक करू," एतेल्का म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे जरा लक्ष ठेवा, तुमच्या पाळीला आम्ही ठेवू."

दोन्ही पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. दोघेही हंगेरियन होते, म्हणून दोघेही एकमेकांना पुरते ओळखून होते.

"जबाबदारी नको, बाबा," केरेकेश म्हणाला.

"मीही दिली नसती," कालमान म्हणाला.

एतेल्काने आपला पेला उचलला आणि तो कालमानच्या हातात ठेवला. "पी. दोघांच्या वाटणीची पी. मी जाते." आणि निळ्या सुटाच्या बाह्या सारख्या करून ती निघाली. मागून कालमानचा आवाज आला, "पाळीपाळीने बघायला माझी मुळीच हरकत नाही!"

काळ्या कोटातल्या वेटरने भुवई उंचावून तिला जागेबद्दल विचारले. 'दोघांसाठी टेबल हवे होते' हे वाक्य तिने भांडी घासताना, टपालावर शिक्के मारताना हजार वेळा घोकले होते. आता ते तिला ऐनवेळी दुरुस्त करावे लागले. "एकासाठी," ती म्हणाली.

कॉफी चांदीच्या तबकात आली. शेजारी पाण्याचा पेला, त्यावर आडवा चमचा. टेबल संगमरवरी होते. कॉफी उत्तम होती, आणि ती उत्तम आहे याचाच एतेल्काला राग आला. वाईट असती तर सगळाच प्रश्न सुटला असता. तिने भोवती पाहिले. सहा टेबलांवर सहा माणसे एकेकटी बसली होती, आणि प्रत्येकाची नजर दाराकडे होती. कोणाची बायको, कोणाचा नवरा कुठल्या गल्लीत कुठल्या टपाखाली उभा आहे, हे विचारण्याची गरज नव्हती. आपल्या देशाची सीमा उघडली खरी, तिला वाटले, पण दोघांना एकदम बाहेर पडता येईल इतकी नाही. ती मुद्दाम तासभर बसली. मुद्दाम बसलेला तास फार लांबतो.

परतल्यावर तिला दिसले ते दृश्य असे: थर्मास रिकामा, कालमान एक पाय दुसऱ्या पायावर आवळून गाडीला टेकलेला, कपाळावर घाम, आणि केरेकेशच्या चेहऱ्यावर मोठे समाधान.

"किती वेळ, एतुश! किती वेळ!"

"तू का नाही गेलास कुठं?"

"कसा जाऊ? याला सोडून?"

"मी तर म्हटलं, गाडीमागं उरका," केरेकेश म्हणाला, "मी तोंड फिरवतो. पण साहेबांना कायद्याचं अंग. म्हणाले, परक्या राष्ट्राच्या भूमीवर नको."

"कॉफीगृहात जा," एतेल्का म्हणाली. "डावीकडे, जिन्याखाली. पण तिथं नुसतं जाऊ देत नाहीत, बसून काहीतरी घ्यावं—"

शेवटचे शब्द ऐकायला कालमान तिथे नव्हता. तो आखडत्या पावलांनी, घाईत असल्याचे कोणाला कळू नये अशा घाईने, कोपऱ्यापलीकडे दिसेनासा झाला.

दहा मिनिटे गेली. वीस गेली. एतेल्का दोराला हात लावून उभी होती. एकाएकी तिच्या ध्यानात आले की, बावीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते या क्षणी कोपऱ्यापलीकडे घडते आहे. तिचा नवरा व्हिएन्नाच्या कॉफीगृहात बसला आहे, वेटरने त्याला नक्कीच बसवले आहे, आणि समोरची खुर्ची रिकामी आहे. ती रिकामी का आहे, तर आपण एका पेटीला धरून उभ्या आहोत म्हणून. तिने दोर सोडला.

"ओ बाई!" केरेकेश ओरडला. "आणि हा? मी जबाबदार नाही हं!"

"तुम्हाला कोणी मागितलीय जबाबदारी?"

कालमान तिच्याच टेबलाशी बसला होता. टोपी मांडीवर, पाठ ताठ, समोर कॉफी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसल्यासारखा. तिला पाहताच त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"फ्रीजर?"

"जागेवर आहे."

"तिथं कोण आहे?"

"कोणी नाही."

तो अर्धा उठला. एतेल्का समोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने आवाज न चढवता सांगितले, "ऊठ, जा. तुझा फ्रीजर आहे, तू राख. मग मात्र तो एकट्यानंच घरी ने. संध्याकाळी बुडापेस्टची गाडी आहे, मी ती धरते. माझा पासपोर्ट माझ्याजवळ आहे, आणि तिकीट मागण्यापुरतं जर्मन मला येतं."

कालमान तसाच अधांतरी राहिला. एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात ते टाकून पाहणे त्याच्या चेहऱ्यावर चालले होते, आणि ते लपवण्याइतकी सभ्यताही त्याला त्या वेळी सुचली नाही. एतेल्काने ते पाहिले. निकाल लगेच लागला नाही, हेही तिने पाहिले. अखेर तो बसला.

तिने दुसरी कॉफी मागवली. कालमानने आपल्या कपातला एक घोट घेतला.

"आपल्याकडची जास्त कडक असते," कालमान म्हणाला.

"असते."

"खुर्ची मात्र बरी आहे."

"पाठ टेकून बघ."

त्याने टेकून पाहिली. दाराकडे लागलेली नजर त्याने दोनदा मागे वळवली, तिसऱ्यांदा ती आपणच एतेल्काच्या सुटावर येऊन थांबली. "हा कधी शिवलास?" त्याने विचारले.

"तुझ्यासमोरच. तीन आठवडे."

ती शेवटचा घोट घेईपर्यंत तो उठला नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बाहेर पडताच मात्र तो धावणार हे ओळखून तिने त्याचा दंड धरला, आणि निळा सूट व टोपी अशा थाटात ते जोडपे संथ चालीने कोपऱ्यावरून वळले.

फ्रीजर जागेवर होता. केरेकेश आपल्या गाडीत घोरत होता. कालमानने त्राबांटभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. दोर ओढून पाहिले, गाठी चाचपल्या. एकही गाठ हललेली नव्हती. पांढऱ्या रंगावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. सुटकेचा निःश्वास त्याने सोडला खरा, पण तो अर्ध्यावरच अडकला.

"कोणी हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला.

फुटपाथवरून एक म्हातारी व्हिएन्नावासी बाई कुत्रा घेऊन चालली होती. तिने गाडीकडे पाहिले नाही, टपाकडेही नाही. तिच्या मागून दोन तरुण आले आणि तसेच गेले. शहरातल्या एकाही माणसाला तो फ्रीजर नको होता. कालमानचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"नवा आहे!" तो त्या बाईच्या पाठीवर हंगेरियनमध्ये ओरडला. "नवा कोरा आहे!"

कुत्र्याने तेवढे मागे वळून पाहिले.