दोन डोह पाहिलेली काठी

"बाबा, तुमच्या तेलाच्या विहिरीमुळे समुद्रातले मासे मरतात की नाही? खरं सांगा!"

मित्रांनो, हा प्रश्न मी विचारलेला नाही. मला तोंडच नाही! मी एक जुनी गळाची काठी आहे. फायबरची, मधोमध जोड असलेली, मुठीजवळ गंजकं रीळ असलेली. पण प्रश्न विचारला गेला तेव्हा मी तिथेच होते, मलकापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, फळ्यासमोर.

मी शाळेत कशी पोहोचले? तर वेगवेगळी कामं करणाऱ्या पालकांना मुलांशी बोलायला बोलावलं होतं. नववीतल्या अक्षताचे बाबा, महेंद्र, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फिटर आहेत. दोन आठवडे समुद्रावर, दोन आठवडे घरी. त्यांनी फळ्यावर प्लॅटफॉर्मचं मोठं चित्र काढलं. दाखवायला काठी हवी होती, आणि छड्या तर शाळेतून केव्हाच हद्दपार झाल्या आहेत! म्हणून अक्षता मला घेऊन आली. महेंद्रनी माझं टोक फळ्यावर टेकवून सगळ्यांना समुद्र दाखवला. मी काय ऐटीत होते म्हणून सांगू!

तेवढ्यात मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली.

"विचारून दाखव की," प्राची म्हणाली. ती अक्षताची जिवलग मैत्रीण, सांगलीहून इकडे राहायला आलेली.

"तिच्यानं नाही व्हायचं," ऋषिराजनं काडी टाकली. "स्वतःच्या बापाला कोण अडचणीत आणतंय?"

"विचारलंस तर भडंगाचं अख्खं पाकीट तुझं. सांगलीचं!" प्राचीनं पैज लावली.

महिन्यापूर्वीची अक्षता असती तर खाली मान घालून बसली असती. तेव्हा ती हजेरीसुद्धा पुटपुटून द्यायची. पण मग वक्तृत्वात पहिला नंबर आला आणि बाईसाहेबांची गाडी जी सुटली, ती कुठल्याच स्टेशनवर थांबेना. ताडकन उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. महेंद्रची माझ्यावरची मूठ मात्र घट्ट झाली. ते म्हणाले, "याचं उत्तर... बघू नंतर." आणि खाली बसले.

घरी जाताना मी महेंद्रच्या खांद्यावर होते. अक्षता मागून येत होती. हातातलं भडंगाचं पाकीट तिनं फोडलंसुद्धा नव्हतं. दारात आल्यावर महेंद्र म्हणाले, "मी काय चोरीचं काम करतो व्हय गं?"

"मी असं कुठं म्हणाले?"

"रविवारी नदीवर जायचं न्हाई."

माझ्या मुठीपासून टोकापर्यंत कळ गेली, मित्रांनो! कारण रविवारची नदी म्हणजे माझं सगळं आयुष्य. ती काय चीज आहे, ते कळायला तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मग बरेच दिवस मुंबईतल्या दुकानात मी उलटी टांगलेली होते. तिथून मला एका सारंगानं विकत घेतलं. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या. त्याची बोट प्लॅटफॉर्मवर पाणी, भाज्या, यंत्रांचे भाग पोहोचवायची. बोट तिथे थांबली की मी कठड्याला टेकून खाली बघायची. काय दिसायचं सांगू? प्लॅटफॉर्मच्या लोखंडी पायांना शिंपले चिकटून चिकटून त्यांची भिंत झालेली, आणि त्या भिंतीभोवती माशांची जत्रा! चपटे, लांबट, चंदेरी, पट्ट्यापट्ट्यांचे. माझा गळ नुसता शिवशिवायचा. पण तिथे गळ टाकायची सोय नव्हती. प्लॅटफॉर्मच्या भोवती अर्धा किलोमीटर मासेमारीला सक्त मनाई! सारंग आपली हौस बंदरात परतल्यावर धक्क्यावर बसून भागवायचा.

त्याच धक्क्यावर मला महेंद्र भेटले. ते नवीनच कामाला लागले होते आणि बोटीची वाट बघत बसले होते. "मी बी नदीकाठचाच हाय, बघू एकदा," असं म्हणून त्यांनी मला हातात घेतलं. खानावळीतून मागून कणीक आणली. तिच्यात हिंग घातला, थोडा गूळ घातला, छान मळून गोळी केली आणि गळाला लावली. कोयनेचे मासे या गोळीवर जीव टाकतात हो! पण इथे? गोळी लाटांत विरघळून गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली.

सारंग पोट धरून हसला. "अरे बाबा, समुद्रातल्या माशाला चपाती खायला घालतोस होय! वर तूपपण वाढ थोडं!"

महेंद्रसुद्धा हसले. जाताना सारंगानं मला त्यांच्याच हातात ठेवलं. "घेऊन जा तुझ्या नदीवर. तिकडे चपाती खाणारे मासे आहेत."

आणि मी खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आले. काय सुख ते! मीठ नाही, चिकटा नाही. दर सुट्टीत एक रविवार ठरलेला. पाटणच्या वाटेवर, कोयनेच्या काठी महेंद्रच्या थोरल्या बहिणीचं, बायडाआत्याचं गाव आहे. मी, महेंद्र आणि छोटी अक्षता एसटीनं तिथे जायचो. अक्षता माझ्या मुठीएवढी होती तेव्हापासून गाठ मारायला शिकली. तिचा पहिला मासा तिच्या तळहाताएवढा होता. गावभर दाखवून आणेपर्यंत बिचारा वाळून गेला!

त्या गावाची एक रीत आहे. नदीत दोन काळे खडक आहेत. खडकांच्या वर खोल डोह. त्या डोहात कुणीही गळ टाकायचा नाही, जाळं तर नाहीच. खडकांच्या खाली मात्र हवी तेवढी हौस करा. आणि पावसाळ्यात नदीला पहिलं लाल पाणी आलं की गावातले सगळे गळ बायडाआत्याकडे जमा करायचे! ती ते मक्याच्या एका वाळक्या कणसाच्या दांड्यात खोचते आणि कणीस आढ्याला टांगते. गणपती पाण्यात गेल्यावरच ज्याचा गळ त्याला परत. तोपर्यंत मासे अंडी घालणार, पिल्लं वाढणार.

गावातले काहीजण म्हणतात, डोह देवाचा आहे. अक्षतानं एकदा विचारलं, "आत्या, आपण तर बौद्ध. आपण कशाला पाळायचं?"

बायडाआत्या म्हणाली, "देव मानू नगं, डोह मान की! वर डोहात मासळी हाय म्हणून खाली तुझ्या गळाला लागती. वरचंच संपीवलं तर खाली काय, बेडकं धरशील?"

तर असे माझे दिवस मजेत चालले होते, आणि मध्येच तो प्रश्न आला. मी कपाटामागे गेले. पाली माझ्यावरून ये-जा करू लागल्या. एकीनं तर माझ्या रिळावर मुक्कामच टाकला! बाप-लेक एकमेकांशी "मीठ दे" आणि "घे" एवढंच बोलत होते. महेंद्रची सुट्टी संपत आली होती. अशीच अढी ठेवून ते समुद्रावर गेले, तर पुढच्या सुट्टीत मला कोण बाहेर काढणार? आणि त्याहून मोठं म्हणजे, या दोघांना पुन्हा शेजारी शेजारी कोण बसवणार?

शेवटी अक्षताची आई वैतागली. रविवारी सकाळी तिनं भाकरी बांधल्या, कपाटामागे हात घालून मला ओढलं आणि पाल झटकली. "वन्संना मसाला पोचवायचा हाय. जावा दोघंबी. न्हाईतर आता घरात पालींनीच बोलायचं ऱ्हायलंय!"

आणि दारात बघते तर प्राची उभी. मान खाली, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. "काका, चूक माझीये. पैज मीच लावली. मला पण न्या ना. मी जैन, गळ धरणार नाही. नुसती बघीन."

महेंद्रच्या मिशा थोड्या हलल्या. "चुरमुरे कुणाला?"

"माशांना."

"वा!" अक्षता इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "तू त्यांना खायला घाल, म्हणजे आम्ही त्यांना खातो!"

"माझ्या चुरमुऱ्यांनी पोट भरल्यावर तुमच्या गळाला कोण लागतंय!" प्राची म्हणाली. "बघू, कोण कुणाला हरवतंय!"

एसटीत मला उभं धरल्यामुळे कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" मी लाजलेच! रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला होता. एसटी त्यांच्या मागे रांगत होती. महेंद्र खिडकीबाहेर बघत होते, अक्षता दुसऱ्या खिडकीबाहेर.

नदीवर पोहोचल्यावर आत्या पाटीभर धुणं घेऊन काठावर बसली. प्राची वर डोहाकडे चुरमुरे टाकायला गेली. महेंद्रनी हिंगाची गोळी लावून माझा गळ फेकला. पण त्यांचं मन कुठे होतं कोण जाणे. फेक उंच गेली, वाऱ्यानं दोरी उचलली आणि गळ दोन काळ्या खडकांच्या वर पडला. डोहात!

पुढच्याच क्षणी असा हिसका बसला की मी धनुष्यासारखी वाकले. रीळ किंचाळलं. आयुष्यात एवढं वजन मी कधी पेललं नव्हतं! पाणी फुटलं आणि कटला माशाचं भलंमोठं डोकं वर आलं.

"बाबा, सोडू नका! ओढा!" अक्षता अबोला विसरून ओरडली.

"सोडा! काका, सोडा!" वरून प्राची ओरडली.

आणि काठावरून आत्याचा आवाज कडाडला, "आरं महेंद्रा! डोळं फुटलं का तुजं? डोहात हाय त्यो! सोड त्येला!"

महेंद्रनी एकदा माशाकडे पाहिलं, एकदा अक्षताकडे. मी त्यांच्या मुठीत होते, म्हणून मला कळलं की त्यांना किती मोह झाला होता. मग ते तसेच कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उतरले. हात ओले केले, मासा पाण्यातच ठेवून गळ हलक्या हातानं फिरवून काढला. कटला दमला होता. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. कल्ले उघडझाप करू लागले. अक्षता शेजारी येऊन उभी राहिली. मग शेपटीचा एक तडाखा, दोघांच्या तोंडावर पाणी, आणि मासा डोहात पसार!

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो," महेंद्र तोंड पुसत म्हणाले. "आमच्या प्लॅटफॉर्मखाली बी असाच डोह हाय. तिथं कुणाला गळ टाकता येत न्हाई, म्हणून मासळी लय हाय. ही एक बाजू."

"आणि दुसरी?"

"एकदा सकाळी पाईपच्या जोडातनं थोडं तेल गळलं. पाण्यावर सप्तरंगी तवंग आला. दिसायला इतका चांगला, आणि त्याखाली मासळी न्हाई. काम थांबवलं, जोड बदलला, तवंग काढला. पण मी बघितलंय ते. आता शाळेत 'मरत न्हाईत' म्हणालो असतो तर अर्धं खोटं, 'मरतात' म्हणालो असतो तरी अर्धं खोटं. तेवढ्या पोरांसमोर काय सांगू?"

"मग विहिरी बंदच का नाही करत?"

"आज आपण आलो ती एसटी कशावर आली? कोयनेच्या पाण्यावर? बंद हुईल कवातरी. तवर नीट चालवायची, एवढं माझ्या हातात हाय. जोड आवळणं हेच माझं काम हाय की गं."

अक्षतानं त्यांचा ओला हात धरला. "मग हेच सांगायचं होतं ना बाबा शाळेत. सगळं. मी अजून जोरात टाळ्या वाजवल्या असत्या."

प्राची एवढा वेळ खडकावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पण काका, इथे तुम्ही चुकलात तर आत्या ओरडल्या. तिथे कोण ओरडतं? समुद्राची बायडाआत्या कोण?"

महेंद्र म्हणाले, "हायेत. पाणी तपासायला माणसं येतात. बाटल्या भरून नेतात, मासळी मोजतात. पण समुद्र लय मोठा, अन् ती माणसं थोडी."

"मला न्हेता का?" आत्या म्हणाली. "धुणं झालं की मोकळीच हाय मी!"

सगळे इतके हसले की खालचे मासेसुद्धा पळाले असतील. मग अक्षतानं महेंद्रच्या पिशवीतून पकड काढली आणि माझ्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. आता चुकून कुणी लागलाच, तर पटकन सोडता येईल. जरा दुखलं मला, खोटं कशाला बोलू! पण त्या दिवशी खडकांच्या खाली आम्हाला दोन मरळ मासे मिळाले आणि प्राचीचे चुरमुरे संपले. कोण हरलं, यावर परतीच्या एसटीत मलकापूर येईपर्यंत भांडण चाललं होतं.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझं रीळ कुरकुरतं, जोड सैल झालाय. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल तर तिला नदीवर जरूर न्या, घरी आल्यावर पुसून ठेवा. हौस वाईट नसते हो! फक्त आपल्या हौसेच्या वर कुठेतरी एक डोह राखलेला असू द्या. आणि मनातला प्रश्न विचारत जा. मात्र विचारल्यावर उत्तर पुरतं ऐकायला थांबा. भडंग काय, कधीही मिळतं!

ते भडंग त्या संध्याकाळी फोडलं. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून होते, माझी दोरी अजून नदीच्या पाण्यानं ओलसर होती. आईनं मरळ तव्यावर टाकले होते. महेंद्र दुसऱ्या दिवसाची बॅग भरत होते. अक्षता मूठभर भडंग घेऊन दोघांच्या मधोमध उभी राहिली. वक्तृत्वाला उभी राहते ना, अगदी तशी.

"आई, बाबा, लक्ष द्या. माझं ठरलंय. मी समुद्राचं शास्त्र शिकणार आणि पाणी तपासायला बाबांच्याच प्लॅटफॉर्मवर येणार. बाबा, आत्तापासून सांगून ठेवते, तवंग दिसला तर मी आत्यापेक्षा मोठ्यांदा ओरडणार आहे!"