साक्ष चालू असताना

लिफ्टचं दार मिटायचं बटण तिनं दाबलं आणि लगेच पुन्हा दाबलं. समोरून काका हात वर करून, या वयातही जवळजवळ पळतच येत होते.

"वकीलबाई, थांब गं जरा!"

दारं मिटता मिटता त्यांचा हसरा चेहरा दिसला. तिनं नजर काढून स्वतःच्या बुटांवर नेली. लिफ्ट हलली तेव्हा तिनं सोडलेला श्वास शेजारी उभ्या दुभाष्यालाही ऐकू गेला.

"ओळखीचे?" त्यानं विचारलं.

"आमचेच साक्षीदार. उलटतपासणी अर्धी झालीय."

"मग सुटलीस," दुभाषी म्हणाला. असल्या लवादाच्या सुनावण्यांमध्ये त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याला नियम पाठ होता. साक्ष अर्धवट असताना जेवणाची सुटी झाली, तर साक्षीदाराशी त्याच्याच वकिलांनी खटल्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. तिच्या सीनियर मॅडमचा हुकूम तर त्याहून कडक. "पाणी हवंय का, एवढंसुद्धा विचारायचं नाहीस," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. "माझ्या मागच्या ज्युनियरनं साक्षीदाराला नुसतं 'छान चाललंय' म्हटलं. समोरच्यांनी ऐकलं. त्या पोराला केसमधून काढलं, आणि पुन्हा कुणी काम दिलं नाही."

तिला काम हवं होतं. ज्युनियर बॅरिस्टर हे नाव ऐकायला भारदस्त, बाकी सगळी हमाली. गठ्ठे लावायचे, पानांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मॅडमनी बोट पुढे केलं की बरोबर तोच कागद त्याखाली सरकवायचा. आई फोनवर विचारायची, "तू तिथे बोलतेस की नुसतीच बसतेस गं?" लवादातलं बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे ही सोय होती की उत्तर द्यावं लागत नसे. गेले कित्येक दिवस तिची झोप झाली नव्हती, आणि झोप सोडून दुसरं काही हवंसंही वाटेनासं झालं होतं.

काका म्हणजे एका शीतगृहाचे मॅनेजर. त्यांच्या मालकानं परदेशी कंपनीकडून गारव्याची यंत्रं आणली, पहिल्याच उन्हाळ्यात ती बंद पडली आणि आतला सगळा माल नासला. कंपनी म्हणे, यंत्रं उत्तम चालतात असं लिहून तुमच्याच मॅनेजरनं सही केलीय. काका म्हणत, सहीच्या आधी मी तुमच्या इंजिनियरला फोन करून सांगितलं होतं की यंत्र थडथडतंय, तो म्हणाला सही करा, बघून घेऊ. या फोनचा कागदोपत्री पुरावा कुठेच नव्हता. होता तो काकांचा शब्द. तो टिकला तर शीतगृह वाचणार, नाही तर कुलूप लागणार. आणि काकांच्या सहीनं बुडालं, असं जो तो म्हणणार.

त्यांची लेखी साक्ष तिनंच तयार केली होती. काकांच्या गप्पा म्हणजे मारुतीचं शेपूट. एक तारीख विचारली की मेहुण्याच्या लग्नापासून सुरुवात. पण जीव लावणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "जेवलीस का?" त्या आठवड्यात तिला हे विचारणारे ते एकटेच होते. आज लिफ्टचं बटण दाबताना तिला स्वतःची लाज वाटली.

सकाळी मात्र काका पहाडासारखे उभे राहिले होते. समोरच्या वकिलानं नाना तऱ्हेनं विचारलं, चिडवलं, घोळात घेतलं. काकांचं एकच. "फोन आधी, सही नंतर. मी काय कालचा पोर आहे का?" निवाडा करणाऱ्या तिघा लवादांपैकी एक गालात हसलासुद्धा. मॅडमनी टेबलाखाली तिचा हात दाबला होता. मॅडमच्या बाबतीत याला कौतुक म्हणायचं.

सुटीनंतर सगळे परत बसले. समोरचा वकील दमलेला दिसत होता. कागद चाळत, फारशी आशा न ठेवता, त्यानं विचारलं,

"तो फोन आपण सहीच्या आधीच केला, हे नक्की?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिला ते जाणवलं आणि तिनं मान आणखी खाली घातली. उगाच नजरानजर झाली आणि समोरच्यांनी काही अर्थ काढला तर?

काका खाकरले.

"तसं... नक्की नाही सांगता येणार. नंतरही केला असेल."

समोरचा वकील पुढच्या प्रश्नाला लागला होता, तो थबकला. "पुन्हा सांगता?"

"सही झाली, मग फोन केला. हो. सकाळी जरा गडबड झाली माझी."

मॅडमचा चेहरा ढिम्म हलला नाही. तिच्यासमोर एक चिठ्ठी तेवढी आली. *हे काय?* तिनं खाली लिहिलं, *माहीत नाही.* मॅडमनी उठून सावरायचा प्रयत्न केला, पण आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालता येत नाहीत. आणि काका आता मागे हटेनात. चुकलेलं गणित सुधारलेल्या मुलासारखे ठासून सांगत राहिले, "नंतरच."

लवादाच्या अध्यक्षांनी आभार मानले. "आपली साक्ष संपली. आता आपण कुणाशीही बोलू शकता." मग मंडळी उद्याच्या वेळापत्रकाकडे वळली. मॅडमनी तिला डोळ्यांनी खुणावलं, यांना बाहेर ने.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी येताच काकांनी टायची गाठ सैल केली.

"काय, आता तरी बोलशील की नाही?"

"बोलते, काका."

"घाम फोडलास गं मला! लिफ्टपाशी तुझा चेहरा बघितला मात्र. म्हटलं मेलो, सकाळी काहीतरी भलतंच बोलून बसलो. एरवी काका काका करणारी पोर ओळख दाखवेना, म्हणजे प्रकरण साधं नाही. घास उतरला नाही घशाखाली. सगळं आठवून पाहिलं. मुद्द्याचं असं काय बोललो होतो? तो फोनच. म्हणून घेतलं सुधारून. जमलं ना?"

"काका, मधे बोलता येत नाही हे मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"बोलायचं नाही म्हणालीस. बघायचंही नाही, असं कुठे म्हणालीस?"

नव्हती म्हणाली. सकाळी घाईत, गठ्ठे उचलता उचलता, एका वाक्यात उरकलं होतं तिनं.

"खरं काय, काका? फोन आधी की नंतर?"

"आधीच गं! पण तुम्ही शिकलेली माणसं. केस कशी उभी राहते ते तुम्हाला कळणार."

तिला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. काचेच्या दारातून आत मॅडमची पाठ दिसत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? नियम तिनं पाळलाच होता. आत जाऊन सांगितलं, तर समोरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, इशारा कुणी केला? आणि काका भोळेपणानं तिच्याकडेच बोट दाखवणार. मग ती या केसमध्ये राहत नाही. कदाचित कुठल्याच केसमध्ये नाही.

काकांचा फोन वाजला.

"अगं, झालं एकदाचं! सकाळी घसरलो होतो जरा, पण आपल्या वकीलबाईनं सांभाळून घेतलं. थांब, तिच्याशीच बोल." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

"बाळ," पलीकडून काकू म्हणाल्या, "खरं बोलले ना गं ते? रात्ररात्र तळमळत होते. एक शब्द खोटा जायला नको म्हणून."

"सकाळी अगदी खरं बोलले, काकू."

"आणि दुपारी?"

आत अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. खुर्च्या सरकायला लागल्या.

"काकू, काकांना घरी यायला उशीर होईल," ती म्हणाली. फोन त्यांच्या हातात देऊन, मंडळी उठायच्या आत, तिनं दार ढकललं.