ऊलाँगचं तिसरं पाणी

"उकळू दे गं, अजून उकळू दे." नवी नवरी होऊन थोरली या घरात आली तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंचा हा आवाज यायचा, आणि चहा पार लालभडक झाल्याशिवाय थांबायचा नाही. सासूबाई गेल्या, पातेलं थोरलीकडे आलं. तेव्हापासून घरातला चहा तिचाच, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.

घर पुस्तकबांधणीचं. पुढच्या खोलीत दोघे भाऊ पुठ्ठे कापत, खळ लावत. मागच्या खोलीत खिडकीशी दोघी जावा समोरासमोर बसून छापील पानांच्या घड्या शिवत. सुई आत, सुई बाहेर, आणि मधल्या मध्ये जगभरच्या गप्पा.

धाकटीने नोकरी सोडली तेव्हा मैत्रिणींनी तिला ऊलाँग या बिनदुधाच्या चिनी चहाचा डबा दिला. त्यात मिरीएवढ्या, काळपट हिरव्या गोळ्या. पहिल्या दिवशी तिने हौसेने सगळ्यांना कप दिले. थोरले भावजी म्हणाले, पाण्याची नि चहाची नुसती बघाबघी झालेली दिसते, लग्न काही जमलं नाही. तिच्या नवऱ्याने बायकोचा मान म्हणून अर्धा कप संपवला आणि खळ करपेल म्हणत पळ काढला. थोरलीने तर कपाला हातही न लावता जाहीर केलं, की असलं भांडी विसळल्याचं पाणी आपल्या घशाखाली जन्मात उतरायचं नाही.

मग धाकटी एकटीच प्यायची. एक कप झाला की पानं गाळून बाजूला. गाळलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालायचं या घरात कुणाच्या मनातही यायचं नाही. थोरली मात्र काहीच वाया जाऊ देत नसे. ती पानं मगमध्ये टाकून वर गरम पाणी ओतायची आणि निवल्यावर खिडकीतल्या गुलाबाला घालायची.

एका दुपारी धाकटी बाजारात गेलेली. थोरलीचे डोळे दोऱ्यावर, हात आपला चहाचा कप चाचपत चुकून मगवर, आणि गुलाबाचं पाणी थेट तिच्या तोंडात.

ती थांबली. मगमध्ये डोकावली. गोळ्या कुठल्या आता? झोपून उठल्यासारखी, आळस देत पानं उलगडली होती, अख्खीच्या अख्खी, देठासकट. पाण्याला मधाचा रंग. जिभेवर आधी फुलाचा वास उतरला, मागून भाजल्याचा खमंगपणा आला, आणि गिळल्यावर घशात काहीतरी गोड रेंगाळलं, माहेरी आलेल्या लेकीसारखं, निघायचं नावच घेईना. तिने पुन्हा पाणी ओतलं. ते त्याहून गोड निघालं.

त्या दिवसापासून गुलाब उपाशी. चारचौघांत थोरलीचे टोमणे चालूच, पण दुपार कलली की अगदी सहज विचारल्यासारखं ती विचारायची, झाला का गं तुझा तो चहा? पीत जा बाई, पित्ताला बरा असेल.

टोमणे मात्र धाकटीच्या मनाला लागले होते. एक दिवस दोरा तोडता तोडता ती म्हणाली, एकटीने पिण्यात मजा नाही. छापखानेवाल्यांच्या बायकोने डबा मागितलाय, आताच देऊन येते.

थोरलीने हातातली घडी उलटी शिवली. भेट मिळालेली वस्तू देऊ नये म्हणाली. ते चाललं नाही, तेव्हा म्हणाली की त्या बाईचं नाक बारमाही चोंदलेलं, तिला कसला वास नि कसली चव. धाकटी हसली, डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या. पुढच्या खोलीत दोघे भाऊ कान टवकारून. आता तोंड उघडलं तर वर्षभर चेष्टा, आणि सासूबाईंच्या पातेल्याची अब्रू गेलीच म्हणायची. न उघडलं तर डबा चालला.

"थांब," थोरली म्हणाली. "पानं तू फार लवकर टाकतेस. पहिल्या पाण्यात ती नीट जागीसुद्धा होत नाहीत. तुझ्यामागे मी त्यांच्यावर दोनदा पाणी ओतते."

"गुलाबासाठीच ना, ताई?"

पुढच्या खोलीतली कात्री थांबली. थोरलीने मान खाली घालून उलटी घडी उसवायला घेतली.

"गुलाबाला कुठलं? मी पिते. मला आवडतो तो."