फळ्यावरचा पासवर्ड

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता दहावीच्या वर्गात वाटलेला बीजगणिताचा पेपर परत गोळा करून घेण्यात आला. पूर्वपरीक्षेचा हा पेपर वाटून दहा मिनिटंही झाली नव्हती. मुलं प्रश्न न वाचताच उत्तरं लिहीत सुटली आहेत, हे वर्गावर असलेल्या सालोमी डाबरे मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी एकाला उभं केलं. त्याने सरळ सांगितलं, की पेपर कालपासून शाळेच्या पोर्टलवर आहे, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत सगळ्यांनी बघितला.

पोर्टलवर तो होता. वर नाव होतं: मांजरेकर विनया, विज्ञान.

विनया तेव्हा आठवी ब मध्ये भिंगाची आकृती काढत होती. शिपाई बोलवायला आला, तेव्हा हातातला खडू खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. मुख्याध्यापक जितेंद्र चौधरी यांच्यासमोर ती खडू घेऊनच उभी राहिली.

चौधरी सरांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. त्यांनी विचारलं, पेपर टाइप कोणी केला. तिने सांगितलं, मीच केला, सगळ्यांचे मीच करते. ते खरं होतं. शाळेत मराठी टायपिंग येणारी ती एकटी, शिवाय सर्वांत कनिष्ठ, त्यामुळे पाचवी ते दहावीचा प्रत्येक पेपर तिच्या हातून जायचा. मग सरांनी विचारलं, पोर्टलवरचं खातं कोणाचं. तेही तिचंच होतं.

पण पेपर चढला होता बुधवारी दुपारी. तारीख आणि वेळ खालीच दिसत होती. बुधवारी दिवसभर विनया वालीवला होती, मतदारांच्या फोटो ओळखपत्रांच्या कामावर. कारखान्यांच्या चाळींतून दारोदार फिरत होती. त्या ड्युटीच्या आदेशावर चौधरी सरांनीच सही केली होती. तिने ते बोलून दाखवलं.

"सायबर कॅफे वालीवलाही आहेत," सर म्हणाले. "पासवर्ड तुमचा आहे ना? मग खुलासा तुम्हीच द्यायचा. सोमवारपर्यंत, लेखी."

हातातला खडू केव्हा मोडला, ते तिला कळलं नाही.

खुलासा म्हणजे काय, हे शिक्षण सेवकाला वेगळं सांगावं लागत नाही. कायम होण्याआधी तीन वर्षं मानधनावर काढायची, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांचा शेरा घेऊन प्रस्ताव ठाण्याच्या शिक्षण कार्यालयात जायचा. विनयाची तीन वर्षं येत्या जूनमध्ये भरत होती. पेपरफुटीचा कागद त्या प्रस्तावाला जोडला गेला, की संस्थेला तिला घरी पाठवायला दुसरं कारण शोधावं लागणार नव्हतं. याआधी कांदिवलीच्या शाळेत मुलं कमी पडून तुकडी तुटली म्हणून ती एकदा घरी बसली होती. पुन्हा बसायची तिची तयारी नव्हती.

आणि मुळात हे सगळं सुरू झालं होतं चौधरी सरांच्याच हट्टातून.

संस्थेच्या अध्यक्षांनी दिवाळीआधी मुंबईच्या एका कंपनीकडून हे पोर्टल घेतलं. शिक्षकांनी त्यावर धडे चढवायचे, चाचण्या घ्यायच्या, मुलांनी घरून किंवा कॅफेतून ते बघायचं. शिक्षकांना शिकवायचं काम अर्थातच विनयाकडे आलं. तिने एकच मागणी केली होती: वीज असेल तेव्हा शिकवू द्या. त्या दिवसांत शाळेच्या भागात, होळी-उमेळे गावांच्या पट्ट्यात, सकाळी दहा ते एक वीज नसायची. चौधरी सरांनी प्रशिक्षण नेमकं त्याच वेळी ठेवलं, कारण दुपारनंतर शिक्षक थांबत नाहीत.

तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर अठरा जोड चपला निघाल्या आणि आत अठरा शिक्षक प्लास्टिकची कव्हरं घातलेल्या बंद यंत्रांसमोर बसले. विनयाने फळ्यावर पडदा काढला. वर नावाचा चौकोन, खाली पासवर्डचा. त्याखाली दोन बटणं: एकावर 'जपून ठेवा', दुसऱ्यावर 'प्रसिद्ध करा'. खऱ्या पडद्यावर पहिलं निळं आणि दुसरं लाल होतं, पण पेटीत पांढऱ्या खडूखेरीज दुसरा खडू नव्हता. एवढ्यात चौधरी सर फोटोग्राफरला घेऊन आले. चौकोन रिकामे बघून म्हणाले, की फोटोत असं ओकंबोकं दिसेल, तुमचंच नाव घाला, पासवर्डही घाला, म्हणजे सगळं खरं वाटेल. तिने घातलं. घालताना ती तोंडाने सांगत होती, की हे माझं आहे, उदाहरण म्हणून, तुमची आपापली कंपनीकडून येतील. फोटो निघाला. सगळ्यांनी फळा जसाच्या तसा उतरवून घेतला.

उतरवून घेणं ही त्या शाळेची जुनी वहिवाट होती. दर जूनमध्ये एक जण वर्षभराचं पाठ टाचण लिहायचा, बाकीचे त्यावरून उतरवायचे, आणि तपासनीस पानं भरलेली बघून सही करायचे. कुणाचं कुणी लिहिलं, हे विचारायची पद्धत नव्हती. त्यात लबाडी आहे असंही कुणाला वाटत नसे. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर एकेक जण आपापल्या वेळेने यंत्रासमोर बसला, फळ्यावरून उतरवलेलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पान उघडलं. उघडलं म्हणजे बरोबर असणार. आपण विनया मांजरेकरच्या घरात शिरलो आहोत, हे अठरांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, आणि आलं असेल त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नाताळपर्यंत विनयाच्या पानावर कबड्डीच्या मैदानाची मापं, मालन वर्तक बाईंचे समास, हिंदीचे निबंध आणि रमेश राऊत सरांची वर्गसमीकरणं गोळा झाली होती. तिने शिक्षकसभेत दोनदा सांगितलं. तोवर प्रत्येकाचं स्वतंत्र नाव आणि पासवर्ड असलेली पाकिटं कंपनीकडून आली होती आणि चौधरी सरांच्या कपाटात पडली होती. सर म्हणाले, एकाने चालतंय तर अठरा कशाला लक्षात ठेवायचे, सवडीने वाटू. वर कंपनीने एक प्रमाणपत्र पाठवलं: तालुक्यातील सर्वांत सक्रिय शिक्षिका, विनया मांजरेकर. ते कार्यालयाच्या भिंतीवर लागलं. गुरुवारी ती उभी होती ते त्याच्याच खाली.

मधल्या सुट्टीत ती शिक्षक खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर विचारलं, काल दुपारी कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं. कुणी डबा उघडला, कुणी बंद केला. क्रीडाशिक्षक म्हणाले, की मला तर उंदीर धरतानासुद्धा घाम फुटतो. दोघं-तिघं हसले. सालोमी मॅडम म्हणाल्या, "हसा. काल अठराही जण विनया होते. आज एकच उरली." त्यानंतर कुणी हसलं नाही. उमेळ्याच्या वाडीतून आलेली सुकेळी, वाळवलेल्या केळ्यांची पुडी, मालन बाईंनी तिच्यापुढे सरकवली. "खा गं, उपाशी पोटी राग करू नये," म्हणाल्या. विनयाने पुडीला हात लावला नाही. सुकेळी नको होती तिला, साक्ष हवी होती. ती कुणाच्या डब्यात नव्हती.

शाळा सुटल्यावर रमेश राऊत सर सायकल स्टँडपाशी थांबलेले दिसले. एकतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. निम्म्या गावाने त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली, आणि त्याबद्दल गाव त्यांना अजून वाकून नमस्कार करायचं. विनया जवळ येईपर्यंत ते सायकलची घंटा रुमालाने पुसत राहिले.

ते म्हणाले, की काल दुपारी ते बसले होते. पेपर छापायला गेला, तेव्हा एक प्रत पोर्टलवर राहू द्यावी, हरवली तर मिळेल, असं वाटलं. जपून ठेवायलाच गेले होते.

"त्या दोन बटणांचे चौकोन होते गं शेजारी शेजारी. तू काढले होतेस तसेच. डावीकडचा का उजवीकडचा, तेवढंच चुकलं."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. त्यानेच ती जास्त चिडली. लबाड माणसावर निदान नीट रागावता येतं.

ते पुढे सांगत राहिले. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. पेन्शनचे कागद ठाण्याला गेले होते. चौकशी लागली तर ते कागद तिथेच अडकतील, मग वर्ष की दोन वर्षं, कोण सांगणार. विनया तरुण होती, शिकलेली होती, कॉम्प्युटर येत होता. अशा मुलीला काय, दहा शाळा मिळतात.

"सर, तुम्ही हे चौधरी सरांना सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

रमेश सरांनी रुमालाची घडी केली. खिशात ठेवली.

"त्यांना सांगितलंय मी," ते म्हणाले. "सकाळीच. तुला बोलावलं त्याच्या आधी."

विनया तिथून निघाली ती पुन्हा कार्यालयात. चौधरी सर निघायच्या तयारीत होते. तिने दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच विचारलं, की तुम्हाला माहीत असून माझ्याकडून खुलासा का. सरांनी चष्मा काढला. त्यांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं समजुतीचं होतं. शनिवारी अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन पोर्टल बघायला येणार, त्यांच्यासमोर हा विषय निघायला नको. राऊतांचं नाव गेलं तर चौकशी वरपर्यंत जाईल, मग प्रशिक्षण कसं झालं, पाकिटं का वाटली नाहीत, सगळंच निघेल. त्यापेक्षा तिने 'नजरचुकीने' एवढा एक शब्द लिहावा. ते स्वतः जूनमध्ये चांगला शेरा देतील.

"आणि हा कागद प्रस्तावाला लागला तर?"

"मी आहे ना."

"फळ्यावर पासवर्ड लिहायला सांगितलंत, तेव्हाही तुम्ही होता सर."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. लिहिला कोणी, ते महत्त्वाचं, म्हणाले. तिने सांगितलं, आधी पाकिटं वाटा, प्रत्येकाला आपल्या नावाने बसू द्या, मग खुलाशाचं बघू. सर म्हणाले, शनिवारनंतर. ऐन वेळी नवीन पासवर्ड दिले तर म्हाताऱ्यांची बोटं अडखळतील, पाहुण्यांसमोर शोभा होईल. आहे तेच चालू द्या.

घरी तिने नवऱ्याला, विघ्नेशला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, लिहून टाक, शब्दाने अंगाला भोकं पडत नाहीत.

शुक्रवारी दुपारी, वीज असताना, कॉम्प्युटरच्या खोलीत विनया एकटी बसली. तिने आपलं खातं उघडलं. बीजगणिताचा पेपर कंपनीने काढून टाकला होता, बाकी सगळं होतं तिथेच होतं. कबड्डीचं मैदान, समास, निबंध. त्यातल्या कशालाही तिने हात लावला नाही. पासवर्ड मात्र बदलला. स्वतःच्या खात्याचा पासवर्ड बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, हे तिने प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलं होतं. ते कुणी उतरवून घेतलं नव्हतं. मग तिने यंत्राला कव्हर घातलं आणि नववीच्या तासाला गेली.

शनिवारी अध्यक्ष अकराच्या सुमारास आले. सोबत संस्थेचे दोन सभासद आणि तोच फोटोग्राफर होता. या आठवड्यात विजेचं वेळापत्रक बदललं होतं, पंखे फिरत होते. खोलीबाहेर चपलांची रांग लागली. अठरा शिक्षक यंत्रांसमोर बसले, कव्हरं घड्या करून मांडीवर घेतलेली. विनया फळ्याच्या कडेला उभी राहिली. चौधरी सरांनी खुणावताच पहिलं नाव रमेश सरांनी टाकलं, सावकाश, एका बोटाने. मग मालन बाईंनी. मग सगळ्यांनी.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असं सगळ्या पडद्यांवर आलं. रमेश सरांनी तेच पुन्हा टाकलं. पुन्हा तेच आलं. अध्यक्षांनी मालन बाईंना विचारलं, बाई, तुमचं नाव काय टाकलंत. बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग विनयाकडे, आणि मान खाली घातली.

"यांचं," म्हणाल्या.

चौधरी सरांनी विनयाला दाराबाहेर बोलावलं आणि दबक्या आवाजात नवीन पासवर्ड मागितला. तिने विचारलं, कपाटाची किल्ली आणली आहे का. किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली नाही. आत अध्यक्ष आता रमेश सरांपाशी जाऊन वाकून काही विचारत होते आणि रमेश सर उभे राहिले होते.

रमेश सर काय बोलले, हे बाहेर ऐकू आलं नाही. खुलाशाची मुदत सोमवारी संपणार होती. शनिवारी शाळा सुटली तेव्हा विनयाने तो लिहिलेला नव्हता, आणि पाकिटं कपाटातच होती.