मी टाक्यांची राखण करतो

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. लगेच सायकलची हवा नाहीतर टाकीतलं पाणी डोळ्यांसमोर आणू नका. मी जेवणाच्या डब्याएवढाच आहे आणि माझं काम फार नाजूक आहे. हृदयाच्या ऑपरेशनसाठी छातीचं हाड मधोमध उघडतात, मग ते तारांनी बांधून वरून टाके घालतात. टाक्यांवर स्पंजची पट्टी, तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी आणि तिथून एक नळी थेट माझ्यापर्यंत. पट्टीखालची हवा आणि ओल मी सारखी ओढत राहतो, म्हणजे जखमेच्या कडा एकमेकींना धरून राहतात. डॉक्टरांचं काम चार तासांचं, माझी राखण सात दिवसांची. बढाई वाटली तर वाटू द्या.

सगळ्यांना माझी गरज नसते. ज्यांना जुना मधुमेह आहे, ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांची जखम चिघळण्याची भीती असते. अशा अवघड माणसांसाठीच मला बोलावतात.

नवा होतो तेव्हा सिस्टर मला मऊ फडक्याने पुसायच्या. पुढे बॅटरी थकली. प्लग काढला की पंधरा मिनिटांत मी धापा टाकू लागायचो. मग दोन वर्षं कपाटात मोडक्या सलाइन स्टँडशेजारी धूळ खात पडलो. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने मला बाहेर काढलं. "बॅटरी म्हातारी झालीय, पण मोटर ठणठणीत आहे. प्लगवर ठेवा, बघा कसा पळतो," तो म्हणाला. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्यानंतर पहिल्याच आल्या त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. वीस वर्षांचा मधुमेह, अंगाने भारी आणि जिभेने तिखट. तिसऱ्या दिवशी पट्टीकडे बघत त्यांनी सिस्टरला विचारलं, "टाके घातलेत कुणी? डॉक्टरांना काज तरी करता येतं का?" सिस्टर हसली. मावशीही हसल्या आणि टाक्यांवर ताण नको म्हणून लगेच उशी छातीशी घट्ट धरून थांबल्या. जखम उघडली तर पुन्हा ऑपरेशन, आणि ते तुमच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मावशींचे जावई भेटायला आले. त्यांना मोबाईल चार्ज करायचा होता. त्यांनी माझा प्लग काढला आणि आपला लावला. मी ओरडलो, तर त्यांनी बटण शोधून माझं तोंडच बंद केलं. "किती कटकट करतं हो हे!" म्हणाले. मावशींनी सगळं पाहिलं होतं, पण जावयाला बोलणार कसं? भल्याभल्यांची गाळण उडवणारी ही बाई त्यांच्यापुढे मूग गिळून बसली. वर, "प्रवासात त्रास नाही ना झाला?" म्हणून चौकशी करत राहिली. माझा जीव कासावीस झाला. माझी घरघर मंदावत गेली आणि थांबली. मनुकेसारखा आवळलेला स्पंज हळूहळू फुगला.

मावशींचा जन्म शिलाई मशीनच्या आवाजावर कान ठेवण्यात गेलेला. आवाज थांबताच त्यांनी मान वळवली.

"जावईबापू, तुमचा मान आहेच," त्या म्हणाल्या, "पण आत्ता माझा जीव त्या डब्यात आहे. मोबाईल काढा आणि त्याचा प्लग लावा. मग हवं तर वर्षभर रुसा."

जावयांचा चेहरा उतरला. प्लग लावून ते सिस्टरला बोलवायला धावले. मी पुन्हा सुरू झालो, स्पंज आवळला. सिस्टरने पट्टीच्या कडा चाचपून पाहिल्या. "कुठे सुटलेलं नाही. वेळेवर बोललात, मावशी." दुसऱ्या दिवसापासून जावई प्लगशेजारीच खुर्ची टाकून बसू लागले.

सातव्या दिवशी पट्टी निघाली. जखम कोरडी होती आणि कडा वरपासून खालपर्यंत जुळलेल्या. मावशींनी आरसा मागून घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

"काय, पास ना मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिवण सरळ आहे. पण धरून ठेवली ती या डब्याने."

मित्रांनो, इतका मान मला नवा असतानाही मिळाला नव्हता.

म्हणून सांगतो. कुणाला दवाखान्यात भेटायला गेलात तर आमच्या वायरींना हात लावू नका. आम्ही ओरडलो तर सिस्टरला बोलवा. आणि स्वतः कधी त्या पलंगावर असलात, तर समोरचा पाहुणा कितीही मोठा असो, भीड धरू नका. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. उसवलेली छाती पुन्हा शिवणं फार अवघड असतं.