वोल्सुनआजीची शेतातली गादी

मी एक जुनी गादी आहे, मित्रांनो. गादी म्हटलं म्हणून लगेच राजाची गादी डोळ्यांपुढे आणू नका. मी शेतातली गादी. ताटाएवढी गोल, वीतभर जाड, आत स्पंज आणि वरून फुलाफुलांचं कापड. मला इलॅस्टिकचे दोन पट्टे आहेत. त्यांत पाय घालून मला वर ओढलं की मी बुडाला घट्ट चिकटते. मग बाई उठली की मी उठते, आणि बाई बसायच्या आधी मी बसते. आमच्या कोरियात मिरच्या तोडणाऱ्या, लसूण काढणाऱ्या कितीतरी आज्यांच्या मागे माझ्यासारख्या गाद्या डुलत चालतात. हसायचं तर हसा. मला सवय आहे.

एका छोट्या कारखान्यात मी शिवली गेले. गोचांगच्या बाजारात वोल्सुनआजीनं मला दोनदा दाबून पाहिलं, एकदा बसून पाहिलं आणि "टिकेल ही" म्हणून उचललं. त्याला बारा वर्षं झाली. पण खरं सांगते, मी बसण्यासाठीच जन्मले, तरी आजी माझ्यावर कधी नुसती बसली नाही. माझ्यावर बसून ती खुरपायची, तोडायची, निवडायची. हात रिकामे झाले की ही उठलीच! एकदा तर मला सोडायचं विसरून ती तशीच बसमध्ये चढली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, सीट घरूनच आणलीत होय?" सगळी बस हसली, आणि आजी सगळ्यांत मोठ्यानं.

गेल्या सप्टेंबरात मिरच्यांचं पोतं आणताना बांधावर आजीचा पाय घसरला. ती धाडकन माझ्यावर आपटली. डॉक्टर म्हणाले, "ही गादी होती म्हणून कंबर वाचली." काय फुगले होते मी! पण घोटा मोडला तो मोडलाच. आजीच्या पायाला प्लास्टर आलं आणि माझ्या वाट्याला खोपीतला खिळा. कौतुक त्या एका दिवसापुरतंच. मी धूळ खात लटकले, उंदरानं मला कडेला कुरतडलं. फटीतून पडवी दिसायची, आणि आजीचा आवाज तर चार घरं ऐकू जातो. तेवढाच विरंगुळा.

प्लास्टर निघालं तेव्हा आजीला वाटलं, झालं, आता पळायचं. कसलं काय! वाटीभर तांदूळ धुतले की ती दमायची. कुबडी टेकत पडवीपर्यंत आली की धापा टाकायची. "काम काडीचं नाही, मग दमते कशानं मी?" व्यायाम शिकवायला येणारी बाई तिला समजवायची, "आजी, आत हाड जुळवायचं काम चाललंय. त्याला ताकद नको? जेवा, थोडं चाला, झोपा." पण दिवसा झोपायचं म्हणजे आजीला चोरी केल्यासारखं वाटे. शहरातून मुलीचा, मिग्योंगचा, फोन आला की ती भिंतीला टेकून सांगायची, "मी? ठणठणीत!"

नोव्हेंबर आला. वर्षभराची किमची, म्हणजे मसाला भरलेलं कोबीचं आंबवलेलं लोणचं, घालायचे दिवस. शेजारची चुन्जा आणि आजी, दोघींची चाळीस वर्षांची सावड. आधी आजीकडे, मग चुन्जाकडे. मिग्योंग म्हणाली, "आई, यंदा विकतची आणू या." झालं! "माझ्या घरात विकतची किमची? मी मेल्यावर आणा!" फोन ठेवला आणि आजीनं हळूच डोळे पुसले. यंदा जमलं नाही तर आपण कायमच्या निकामी झालो, याचीच तिला धास्ती होती. मला खिळ्यावरून ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

चुन्जानं मला खाली काढलं, दोनदा झटकलं. "ताई, हिच्यावर बसा. उचलायचं सगळं मी." सकाळी कोबीचे साठ गड्डे चिरून मिठात पडले. मीठ सारखं लागावं म्हणून दुपारी खालचे वर, वरचे खाली करायचे होते. "मी येते करायला," चुन्जा म्हणाली. "एवढं येतं गं मला! जा तू." चुन्जा गेली. दुपारी आजीनं चार गड्डे उलटले आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाच मिनिटं म्हणून ती आडवी झाली. जाग आली तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं.

संध्याकाळी चुन्जा आली, तिनं दिवसभर खारट पाण्यात बुडालेलं तळचं पान तोंडात घातलं आणि थू थू करत सुटली. "ताई, हा कोबी आहे का समुद्र?"

आजी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "मी कामाची राहिले नाही गं. दमले होते. नुसती दमले होते, आणि बोलले नाही."

"मग बोलायचं ना! चाळीस वर्षं तुमची बडबड ऐकतेय, तेवढं एक जड झालं असतं का मला? आणि रडणं थांबवा आता, त्यात आणखी मीठ पडेल."

आजी रडता रडता हसली. मग नाक पुसून तिनं हुकूम सोडले. "साध्या पाण्यात बुडव. मसाल्यात मीठ घालू नकोस, कोळंबीचं खारवण निम्मंच. आणि मुळ्याचे मोठे तुकडे मध्ये मध्ये खुपस, मीठ ओढतील ते." चुन्जा पान पुढे करायची, आजी चाखायची. "अजून धू. अजून. हां, बास!" पाय अधू असला तरी जीभ शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मसाला भरताना चुन्जानं तिला दर दहा गड्ड्यांमागे झोपायला पिटाळलं.

तिसऱ्या दिवशी आजी मला बांधून, कुबडी टेकत चुन्जाच्या दारात हजर.

"कशाला आलात?"

"सावड म्हणजे सावड."

तिनं दहा गड्ड्यांना मसाला चोळला. अकरावा उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. लाल झालेले हातमोजे काढले. "चुन्जा, मी दमले. जरा बसते." मग सरकत सरकत उन्हातल्या भिंतीशी गेली, पाय लांब केला आणि रिकामे हात मांडीवर ठेवले. बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर नुसती बसली, मित्रांनो! मला इतका आनंद झाला की काय सांगू.

जानेवारीत मिग्योंग आली आणि किमचीतला कोबी सोडून चवदार मुळेच संपवून गेली.

तर मित्रांनो, माझ्यासारखीला वापरून झालं की झटका, ऊन दाखवा, खिळ्याला अडकवून विसरू नका. आणि घरातलं कुणी "दमलो" म्हणालं तर "कशानं?" असं विचारत बसू नका, आधी बसायला द्या. आजीनं आता माझी कुरतडलेली कड लाल दोऱ्यानं शिवली आहे. एवढीशी कड, पण शिवायला दोन दिवस लागले. मध्ये तीनदा ती झोपली होती, आणि चुन्जाला तसं सांगून झोपली होती.